जयपूरचं आदर्श नगर : जीपचे सांधे आणि मावशीची कंबर

जयपूरला गेलात की आमेरचा किल्ला, हवा महल, जंतरमंतर हे सगळं तुम्ही पाहणारच. पण एक संध्याकाळ आणि जमलं तर दुसऱ्या दिवसाची सकाळ आदर्श नगरसाठी राखून ठेवा. रामनिवास बागेतला अल्बर्ट हॉल पाहून झाला की तिथून आग्नेयेकडे रिक्षा करा, थोड्याच वेळात पोहोचाल. तिकीट काढून पाहावं असं इथे काही नाही. दारापुढच्या कुंड्या, इस्त्रीची गाडी, शिकवणीला निघालेली मुलं आणि पूर्वेला मान वळवली की दिसणारा अरवलीचा डोंगर, असा हा राहता भाग आहे.

सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेलं जुनं जयपूर तटाच्या आत राहिलं. तटाबाहेरच्या या भागात फाळणीनंतर पंजाब आणि सिंधकडून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी घरं उभारली. मुलतानहून आलेल्या दिगंबर जैन मंडळींचं मंदिर आदर्श नगरात आहे. शेजारच्या राजा पार्कच्या बाजारात छोले-भटुऱ्यांचा वास दरवळतो तो याच इतिहासामुळे. आपल्या माणसाला आणखी एक गंमत वाटेल. इथून जवळच टिळक नगर आहे आणि राजा पार्कातल्या एका चौकाचं नाव पंचवटी आहे. क्षणभर नाशिकलाच आल्यासारखं वाटतं.

माझी मावशी लग्नानंतर इथे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी बोलते, भाजीवाल्याशी हिंदी आणि मोलकरणीशी ढुंढाडी. तिच्या दारात एक फोर बाय फोर गाडी उभी असते. कंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही. मागे अखंड ॲक्सल, तो धरून ठेवणारे लोखंडी आर्म आणि कॉइल स्प्रिंग, अशी तिची रचना आहे. आठवडाभर ही गाडी नातीला शाळेत सोडते, भाजी आणते, महिन्यातून एकदा मावशीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेते. रविवारी मात्र माझा मावसभाऊ आपल्या मित्रांबरोबर ती घेऊन ओळखीच्या शेतमालकाच्या खडकाळ माळावर जातो.

मी गेले तेव्हा घरात याच गाडीवरून वाद पेटला होता. मागच्या आर्मचे रबरी बुश फाटले होते. दादाचं म्हणणं, आता रबर नकोच, सगळीकडे लवचीक सांधे बसवू, म्हणजे खडकावर चाकं मोकळी हलतील. मावशीचा प्रश्न एकच होता, "आणि मागच्या सीटवर माझी कंबर राहील का रे?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसा आहे, सुरक्षितता आहे आणि घरातल्या सगळ्यांची गरज आहे. तुमच्याकडे अशी गाडी असेल किंवा घेण्याचा विचार असेल, तर तो तुमच्याही घरात कधीतरी निघणारच.

नळीत नळी, मध्ये रबर

आधी बुश म्हणजे काय ते पाहू. लोखंडाची एक जाड नळी घ्या. तिच्या आत दुसरी बारीक नळी ठेवा आणि मधली जागा रबराने भरून ते रबर दोन्ही नळ्यांना घट्ट चिकटवा. झाला बुश. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात प्रेसने बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो चेसिसला किंवा ॲक्सलला आवळतात.

चाक खड्ड्यात जातं तेव्हा आर्म वर-खाली हलतो. पण बुशमध्ये काही घसरत नाही. ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसा रबराला पीळ बसतो आणि चाक जागेवर आलं की तो पीळ सुटतो. घासणारं काही नाही म्हणून ग्रीस नको. शिवाय रस्त्याची खरखर रबरातच जिरते, सीटपर्यंत पोहोचत नाही. आपण गाडीत बसून गप्पा मारू शकतो त्यात या अंगठ्याएवढ्या रबराचा मोठा वाटा असतो.

या रबराचे शत्रू दोन, वय आणि ऊन. जयपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रबर कडक होतं, भेगा पडतात आणि शेवटी ते नळीपासून सुटतं. मग गतिरोधकावरून जाताना मागून 'टक' असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी किंचित एका बाजूला ओढते. अशा वेळी पुष्कळ जण बुशवर ऑइल मारतात. ते करू नका. खनिज तेलाने साधं रबर फुगतं आणि लवकर कुजतं.

माळावर काय होतं

सकाळी आम्ही निघालो. आदर्श नगरहून आग्रा रोडला लागलात की ट्रान्सपोर्ट नगर येतं. पुढे डोंगराच्या पोटातून बोगदा आहे, पण तुम्ही शक्य असेल तर घाट की गुणीच्या जुन्या रस्त्याने जा. दोन्ही बाजूंना छत्र्या, जुन्या हवेल्या आणि बागा आहेत. शहराच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या विद्याधर भट्टाचार्य यांच्या नावाची बाग इथेच आहे. जयसिंगांनी आपल्या उदयपूरच्या राणीसाठी १७२८ मध्ये बांधलेली सिसोदिया राणीची बागही याच वाटेवर आहे. कारंजी, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले चौथरे आणि राधाकृष्णाची भित्तिचित्रं पाहायला अर्धा तास सहज जातो.

डांबरी रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली. मावशी मागे बसून शेंगा सोलत होती. खरी परीक्षा माळावर होती. दादाने डावं मागचं चाक गुडघाभर उंच खडकावर चढवलं. उजवं चाक शेजारच्या खड्ड्यात उतरलं. आता ॲक्सल तिरका झाला आणि वरची गाडी मात्र सरळ राहू पाहत होती.

इथे रबराची मर्यादा कळते. नुसतं वर-खाली होणं त्याला जमतं. पण ॲक्सल तिरका झाला की आर्मला स्वतःच्याच अंगाभोवती पीळ बसतो, आपण मनगट फिरवतो तसा. रबर थोडे अंश वळतं आणि पुढे अडतं. मग खड्ड्यातलं चाक जमिनीपर्यंत पोहोचत नाही, हवेतच लटकतं. लटकलेलं चाक गरगर फिरतं आणि गाडी पुढे सरकत नाही. वारंवार असं केलं तर रबर फाटतं आणि जोर आर्मवर, ब्रॅकेटवर, बोल्टवर येतो. दादाच्या गाडीचे बुश फाटले ते असेच.

लवचीक सांधा याच अडचणीवरचा उपाय आहे. आपला खांदा किंवा खुबा आठवा. हाडाचं गोल डोकं गोल खोबणीत बसलेलं असतं, म्हणून हात कुठेही वळतो. या सांध्यातही लोखंडी गोळा असतो आणि तो दोन वाट्यांमध्ये धरलेला असतो. वाट्या पॉलियुरेथेनसारख्या कणखर प्लॅस्टिकच्या असतात. बाहेरून रिंग लावून सगळं घट्ट करतात आणि ग्रीस भरायला निपल ठेवतात. चांगल्या सांध्याचा गोळा सुमारे ३० अंशांपर्यंत वळतो. वाट्या झिजल्या तर फक्त त्या बदलता येतात.

मग रबर काढून हेच सगळीकडे का बसवू नये? कारण सांधा मोकळा वळतो, पण रस्त्याचा मार रबराइतका पोटात घेत नाही. खडीचा आवाज, खड्ड्याचा धक्का सरळ गाडीत येतो. शिवाय राजस्थानची धूळ पिठासारखी बारीक असते. ती जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश कागदासारखं काम करते आणि वाट्या खाते. म्हणून अशा माळावर जाऊन आलं की ग्रीस गनने नवं ग्रीस भरायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत, आणि ते पुसून काढायचं. हे न करणाऱ्याने सांधे बसवूच नयेत. सह्याद्रीत पावसाळ्यात चिखलातून गाडी नेणाऱ्यांनाही हाच नियम.

जयपूरने हा प्रश्न आधीच सोडवला होता

दुपारी परत येताना गाडी सवाई मानसिंह रुग्णालयावरून गेली आणि मावशी म्हणाली, "रबराला नावं ठेवू नका. या गावाने रबरावर माणसं चालवली आहेत."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. जयपूर फूट हा कृत्रिम पाय याच रुग्णालयात १९६८ च्या सुमारास आकाराला आला. मूर्तिकार आणि कारागीर रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तो घडवला. त्याआधी मिळणारा परदेशी पद्धतीचा पाय घोट्यात ताठ असे आणि त्यावर बूट घालावा लागे. आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. त्या ताठ पायाने यातलं काही जमत नसे. लोक घरी गेल्यावर तो पाय कोपऱ्यात ठेवून कुबड्या घेत.

जयपूरच्या कारागिरांनी रबर घेतलं, पण एकाच प्रकारचं घेतलं नाही. टाच आणि चवडा यांच्या आत हलकं, स्पंजासारखं रबर ठेवलं. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. वरून टायरमध्ये असतो तसा दोर आणि टिकाऊ रबर लावून साच्यात सगळं भाजून एकजीव केलं. हा पाय पुढे-मागे वाकतो, दोन्ही बाजूंना कलतो, थोडा पीळही घेतो. बांधावरच्या ढेकळांवर तो अनवाणी चालतो.

अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचू लागल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी 'नाचे मयूरी'मध्ये पाहिलं आहे. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय गरजूंना मोफत बसवते.

गाडीचा बुश आणि माणसाचा पाय यांची तुलना फार ताणू नये. पण कारागिरांची विचार करण्याची रीत घेण्यासारखी आहे. कुठे वळायला हवं, कुठे मऊ हवं, कुठे ताठ हवं, हे त्यांनी पाय वापरणाऱ्याच्या दिवसभराच्या कामावरून ठरवलं.

मिस्त्रींचा हिशोब

दुसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन आपल्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेला. मीही सोबत गेले. साठीच्या या गृहस्थांनी गाडीखाली शिरण्याआधी एकच गोष्ट विचारली. महिन्याला गाडी किती किलोमीटर धावते आणि त्यातले दगडावर किती? दादाने मनातल्या मनात मोजलं. शंभरातले जेमतेम पाच. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "मग पंचाण्णव किलोमीटर आईसाहेबांचे आणि पाच तुमचे."

त्यांनी सांगितलेला मार्ग असा. वरच्या आर्मना आणि ॲक्सलला आडवं धरणाऱ्या रॉडला नवे रबरी बुश. खालच्या दोन आर्मना चेसिसकडच्या टोकाला लवचीक सांधा आणि ॲक्सलकडच्या टोकाला रबर. कारण सरळ आहे. आर्मचा पीळ सोडवायला त्याचं एक टोक मोकळं असलं तरी पुष्कळ फरक पडतो. दुसऱ्या टोकाचं रबर खडीची खरखर अडवतं. तयार मिळणाऱ्या अनेक आर्ममध्ये अशीच जोडी असते.

त्यांच्याकडून मिळालेल्या तीन गोष्टी तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिली, रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चारही चाकांवर उभी असताना. जॅकवर चाकं लटकत असताना आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. गॅरेजमध्ये हे आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. बोल्ट अंदाजाने आवळू देऊ नका, टॉर्क पाना वापरायला सांगा.

दुसरी, सांधा सगळ्याच गाड्यांना चालत नाही. काही गाड्यांत पुढच्या ॲक्सलला दोन बाजूंना दोनच आर्म असतात आणि प्रत्येक आर्म ॲक्सलवर दोन बोल्टांनी धरलेला असतो. मारुतीची जिम्नी अशीच. तिथे ॲक्सल तिरका होतो तो त्या बुशमधलं रबर दबल्यामुळेच. त्या जागी कडक सांधे घातले तर हालचाल वाढण्याऐवजी अडते. झलानाच्या जंगलात फिरणाऱ्या जिप्सीची रचना आणखी वेगळी. तिच्या चारही चाकांवर पाटे असतात आणि बुश पाट्यांच्या डोळ्यांत बसतात. नाशिकला तयार होणारी, पण नाव मात्र राजस्थानच्या वाळवंटाचं घेतलेली थार घ्या. २०२० मध्ये आलेल्या थारला मागे अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहे, पुढची चाकं मात्र स्वतंत्र हलतात. म्हणजे मित्राच्या गाडीला जे लागू पडलं ते आपल्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. नुसता जुन्यासारखाच नवा बुश घालणं ही दुरुस्ती आहे. पण आर्म बदलणं, गाडीची उंची किंवा चाकं वाढवणं याआधी आरटीओकडे चौकशी करा, विमा कंपनीला लेखी विचारा आणि वॉरंटीचे कागद वाचा. मिस्त्रींनी विम्याचं उत्तर येईपर्यंत कामाला हात लावला नाही. दादाला ते आवडलं नाही, मावशीला फार आवडलं.

उत्तर आलं, काम झालं, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. त्यानंतर मी पुण्याला परतले. दिवाळीत फोनवर मावशीला विचारलं. ती म्हणाली, "खडबडीत रस्त्यावर आवाज थोडा येतो. पण कंबर ठीक आहे. आणि हा पोरगा आता दर सोमवारी सकाळी गाडीखाली असतो, ग्रीस भरायला. तेवढा वेळ तरी मोबाइल हातात नसतो."

तुम्ही जाल तेव्हा

जयपूरला ऑक्टोबर ते मार्च या दिवसांत जावं. आदर्श नगर हाताशी धरलंत तर एका बाजूला मोती डुंगरीचा गणपती आणि बिर्ला मंदिर, दुसऱ्या बाजूला घाट की गुणीच्या बागा आणि दक्षिणेला झलानाचं बिबट्यांचं जंगल, हे सगळं दोन दिवसांत आरामात होतं. झलानाची सफारी पहाटे आणि दुपारी निघते, आगाऊ आरक्षण केलेलं बरं. जंगलात आपली गाडी नेता येत नाही आणि तेच योग्य आहे.

तुमच्याकडे स्वतःची फोर बाय फोर असेल तर आणखी एक विनंती. जयपूरच्या पश्चिमेला सांभर हे खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आहे. त्याचं कोरडं, पांढरंशुभ्र पात्र पाहून गाडी उधळावीशी वाटते. ती जागा १९९० पासून रामसर पाणथळ म्हणून नोंदलेली आहे आणि हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. गाडी काठावर ठेवा आणि चालत जा.

आणि गाडी कुठलीही असो, अगदी छोटी हॅचबॅक असली तरी, लांबच्या प्रवासाआधी एवढं करा. रेडिओ बंद ठेवून, काचा खाली करून गल्लीतल्या गतिरोधकावरून हळू जा. पुढून किंवा मागून 'टक' ऐकू आला तर निघण्याआधी गाडी गॅरेजमध्ये वर उचलून बुश पाहून घ्या. रबराला भेग दिसली, नळीपासून ते सुटलेलं दिसलं, तर बदला. एका बाजूचा बदललात तर दुसऱ्या बाजूचाही बदला. त्यापुढे सांधा बसवायचा की रबर, हे ठरवताना आधी मागच्या सीटवर कोण बसतं ते आठवा. मग राजा पार्कात गरम छोले-भटुरे खा आणि सकाळी ऊन चढायच्या आत सिसोदिया राणीच्या बागेकडे निघा.